उतारावर चिकणमातीचा भराव टाकताना
आधी गवत-मुळांची वरची माती खरवडून काढा. भरावाखाली राहिली तर ती कुजते आणि जमीन खचते. मग उतारात पायऱ्या कापा, नाहीतर भराव घसरायचा. माती एका वेळी १५ सेंटिमीटरच पसरा आणि तो थर दाबून मगच पुढचा टाका. दाबण्याआधी ओल तपासा. माती मुठीत दाबून बघा: गोळा वळला पाहिजे, पण हाताला चिखल लागता कामा नये. भुगा झाला तर पाणी शिंपडा. रोलरखाली माती गादीसारखी हलली तर ओल जास्त आहे. मग कितीही फेऱ्या मारा, उपयोग शून्य. उकरून वाळू द्या. प्लेट कॉम्पॅक्टर (सपाट पत्रा थरथरवून माती दाबणारं यंत्र) वाळू-मुरमाला ठीक. चिकणमातीला रॅमर (ठोके मारून दाबणारं यंत्र) किंवा शीपफूट रोलरच (ड्रमवर बोथट खुंट्या असलेला) हवा. गुळगुळीत झालेला थर ओरखडल्याशिवाय पुढचा टाकू नका. शेवटी पाणी घरापासून दूर जाईल असा, ५० सेंटिमीटरला निदान १ सेंटिमीटर ढाळ ठेवा.