एसी व्हेंटचा प्रोटोटाइप थ्रीडी प्रिंट करायचाय, मटेरियल कोणतं घ्यावं?
नुसती फिटमेंट बघायची असेल तर एफडीएमवर (प्लास्टिकची तार वितळवून थर रचणारं प्रिंटिंग) पीएलए हे साधं प्लास्टिक पुरे. पण तो भाग लावून गाडी उन्हात उभी करू नका. पीएलए साधारण ६० अंशांना मऊ पडतो आणि एप्रिलमध्ये पुण्यात डॅशबोर्ड त्याहून जास्त तापू शकतो. रोड ट्रायलला एसएलएसचं (पावडर लेझरने जोडणारं प्रिंटिंग) पीए-१२ नायलॉनच घ्या. पात्यांच्या पिनांना ०.३ मिमी मोकळीक ठेवा, नाहीतर पावडर अडकून पाती जाम होतात. एफडीएमवर क्लिप आडवी झोपवून प्रिंट करा. उभी केली की वाकवताना थरांच्या जोडावर तुटते.

१५-२० नग हवे असतील तर एसएलएवर (द्रव रेझिन प्रकाशाने घट्ट करणारं प्रिंटिंग) काढलेल्या मास्टरवरून, म्हणजे मूळ नमुन्यावरून, सिलिकॉन मोल्ड (साचा) करून पीयू (पॉलियुरेथेन) कास्टिंग स्वस्त पडतं. साधारण २० नगांनंतर मोल्ड फाटायला लागतो, तेव्हा दुसऱ्या मोल्डसाठी मास्टर जपून ठेवा.