मुंबईत परवडणारी घरं आणि सामाजिक आधार या विषयावर एक दिवसाची परिषद घेतोय. वक्ते म्हणून कोणाला बोलवावं?

तुम्ही लिहिलंय की आर्किटेक्ट, निवृत्त सनदी अधिकारी, एक बिल्डर आणि गृहकर्ज देणाऱ्या संस्थेचे कोणीतरी ठरले आहेत. आता दहा मिनिटांच्या अनुभवकथनासाठी पुनर्वसनाच्या घरात राहणारी एखादी बाई हवी आहे. त्या बाईला दहाच मिनिटं द्यायची असतील तर बोलवू नका. तिचा एका दिवसाचा खाडा होईल आणि तुमच्या हाती फक्त फोटो लागेल.

मी मानखुर्दला राहते. आमची झोपडी कुर्ल्याला रुळांच्या कडेला होती. एमयूटीपीत, म्हणजे रेल्वे-रस्त्यांच्या त्या मोठ्या प्रकल्पात, लाईनलगतच्या वस्त्या उठल्या तेव्हा 225 चौरस फुटांची खोली मिळाली. आज मी आमच्या सोसायटीची सेक्रेटरी आहे. माझ्या मजल्यावर एक मावशी राहतात. रुळांवर असताना त्या रोज संध्याकाळी दारोदार फिरून बचतीचे पैसे गोळा करायच्या. कुठल्या झोपडीचा सर्व्हे नंबर काय, कोणाचं नाव सुटलंय, कोण पात्र, कोण अपात्र, सगळं त्यांना तोंडपाठ.

या मावशींना दक्षिण मुंबईतल्या एका परिषदेला बोलावलं होतं. सोबत मी गेले. त्यांनी आठवडाभर तयारी केली होती, आकडे वहीत लिहून घेतले होते. प्रमुख पाहुणे उशिरा आले आणि वेळ संपली तरी बोलत राहिले. मग जेवणाआधी उरलेल्या वेळात मावशींना उभं केलं. संचालन करणाऱ्या बाईंनी विचारलं, "नवीन घरात कसं वाटतं?" मावशींनी वही उघडून लिफ्टच्या बिलापासून सुरुवात केली. दुसऱ्या पानावर पोचायच्या आत "खूप हृदयस्पर्शी" म्हणून टाळ्या वाजवल्या गेल्या आणि शाल आली. त्यांची वही तशीच राहिली.

जेवणानंतर एका प्राध्यापकांनी सांगितलं की लोक घरं विकून परत झोपडपट्टीत जातात, कारण उभ्या इमारतीत राहायची त्यांना सवय नसते, देखभाल हा मानसिकतेचा प्रश्न आहे. मी माईक मागून घेतला. ते म्हणाले, "हे तुमचं वैयक्तिक उदाहरण झालं, डेटा आहे का?" डेटा मावशींच्या मांडीवर होता. माझं बोलणं पुरं व्हायच्या आत माईक पुढे गेला, म्हणून तेव्हाचा हिशेब इथे मांडते.

बिल्डरने देखभालीसाठी घरामागे 20 हजार रुपये ठेवायचे, अशी झोपडपट्टी पुनर्वसन (झोपु) योजनेत बरीच वर्षं अट होती. सहा टक्के व्याज धरलं तर वर्षाला 1,200, म्हणजे महिन्याला घरामागे 100 रुपये. त्यात लिफ्ट, पाण्याचा पंप, जिन्यातले दिवे, टाकीची सफाई आणि वॉचमन भागवून दाखवा. उरलेलं सगळं मेन्टेनन्समधून काढायचं. कुर्ल्यात चार घरची धुणीभांडी चालत जाऊन करणाऱ्या बाईला मानखुर्दहून हार्बरचा पास काढावा लागला, सकाळचं पहिलं काम सुटलं, पोरांची शाळा बदलली. तिची कमाई घटली आणि खर्च वाढला. ती मेन्टेनन्स थकवणारच. थकबाकी वाढली की लिफ्ट बंद, आणि लिफ्ट बंद झाली की सातव्या मजल्यावर डायलिसिसचा पेशंट असलेलं घर खोली सोडून जातं. माझ्याकडे पावती पुस्तकं आहेत. सोडून गेलेलं एकेक घर मला माहीत आहे, आणि त्यातलं एकही सवय नाही म्हणून गेलेलं नाही.

सामाजिक आधार म्हणजे नेमकं हेच. चावी हातात दिल्यावर पुढची निदान पाच वर्षं सोसायटीचा हिशेब, रेशनकार्डाची बदली, शाळा, दवाखाना आणि काम यांच्या मागे कोणीतरी उभं राहणं.

आता कोणाला बोलवायचं. एका वस्तीतल्या सोसायटीची सेक्रेटरी आणि पंप चालवणारा माणूस, दोघांना सकाळच्या मुख्य सत्रात, अधिकाऱ्यांच्या आधी. गोवंडी-मानखुर्दच्या वसाहतींत क्षयरोगाचा अभ्यास करणारे 'डॉक्टर्स फॉर यू' या संस्थेचे लोक. नटवर पारेख कंपाउंड आणि लल्लूभाई कंपाउंड या तिथल्या पुनर्वसन वसाहतींत इमारती इतक्या खेटून आहेत की खालच्या मजल्यांवर ऊन-वारा पोचत नाही, आणि तिथेच टीबी जास्त, हे त्यांनी मांडलं. दोन इमारतींमध्ये तीन मीटर अंतर पुरे असं ठरवणारा कोणी सापडला तर त्याला शेजारच्याच खुर्चीवर बसवा. चेंबूरजवळ माहूलला पुनर्वसन झालेले रहिवासी बोलवा. तिथली हवा माणसांनी राहण्यासारखी नाही, हे त्यांनी कोर्टात लढून मांडलं आणि 2019 मध्ये उच्च न्यायालयाने पालिकेला त्यांची सोय दुसरीकडे करा किंवा भाडं द्या असं सांगितलं. महिला मिलन या वस्तीतल्या बायकांच्या बचत संघटनेतल्या जुन्या बायका भेटल्या तर सोडू नका. 1980 च्या दशकात भायखळ्याच्या फुटपाथवरच्या या बायकांनी बांबू आणि कापड लावून खऱ्या मापाची घरं उभी करून दाखवली होती. घर कसं हवं हे त्यांना आर्किटेक्टइतकंच कळत होतं. त्यांच्यासोबत उभे राहिलेले झोपडपट्टीवासीयांचे नेते जॉकिन अर्पुथम 2018 मध्ये गेले, पण त्या काळातलं काम केलेली माणसं अजून आहेत.

बिल्डरला प्रायोजक म्हणून मंचावर घेऊ नका. नवी इमारत होईपर्यंत बाहेर राहायचं भाडं ज्याने थकवलंय, त्याच्यासमोर रहिवासी तोंड उघडत नाही.

एक मात्र खरं, अधिकारी आणि प्राध्यापक नकोतच असं माझं म्हणणं नाही. परिशिष्ट-2, म्हणजे पात्र-अपात्र झोपडीधारकांची यादी, कसं तयार होतं, एफएसआयचं, म्हणजे जागेवर किती बांधकाम करता येईल याचं, गणित कसं बसतं, हे नीट समजावणारे अधिकारी मी पाहिलेत आणि त्यांच्यामुळे आमची कामं मार्गी लागलीत. गिरणी कामगारांच्या किंवा बीडीडी चाळींच्या घरांवर परिषद असेल तर वक्ते वेगळे लागतील, तो भाग माझा नाही. पण जो येईल त्याने दिवसभर बसावं. भाषण करून गाडीत बसणाऱ्याला निमंत्रणच देऊ नका.

परिषद रविवारी ठेवा. वस्तीतून येणाऱ्यांना शालीऐवजी दिवसाची मजुरी आणि येण्याजाण्याचं भाडं रोख द्या, त्यांची पोरं सांभाळायला एक खोली ठेवा. कार्यक्रम मराठी-हिंदीत चालू द्या, इंग्रजीवाल्यांसाठी दुभाषी लावा. आणि हिशेबाची वही आणायला सांगितलीत, तर ती शेवटच्या पानापर्यंत वाचू द्या.