वाचक विचारतात : फोनवरचा तिसरा कान

प्रश्न : फोन टॅपिंग म्हणजे नेमके काय? बोलताना खरखर येऊ लागली की फोन टॅप होतोय असे समजावे का?

उत्तर : बोलणाऱ्या दोघांना न कळू देता तिसऱ्याने त्यांचे संभाषण ऐकणे किंवा ध्वनिमुद्रित करणे म्हणजे टॅपिंग. दोघांपैकीच एकाने कॉल रेकॉर्ड केला, तर तो प्रकार निराळा.

खरखरीचा समज तांब्याच्या तारांच्या काळातला. लँडलाइनच्या दोन तारांवर, रिसीव्हर खाली ठेवलेला असताना, सुमारे ४८ व्होल्ट असतात. त्याच तारांना कोणी साधा दुसरा फोन जोडून उचलला, की प्रवाह वाटला जातो आणि आवाज बारीक होतो. जोड सैल असेल तर खरखरही येते. जाणकार मात्र जास्त रोधाचे, म्हणजे प्रवाह जेमतेमच ओढणारे, उपकरण लावत, त्याने बोलणाऱ्याला फरक जाणवत नसे. आता सरकारी परवानगीचे टॅपिंग एक्स्चेंजमध्येच, म्हणजे फोन कंपनीच्या कॉल जोडणाऱ्या केंद्रातच, होते. तिथे आवाज डिजिटल असतो, सॉफ्टवेअर त्याची प्रत काढून दुसरीकडे पाठवते आणि मूळ कॉल जसाच्या तसा राहतो. खरखर असेल तर ओल शिरलेला जोड नाहीतर कमजोर सिग्नल शोधा.

ही सोय चोराच्याही हाती पडू शकते. २००४ मध्ये ग्रीसमधल्या एका मोबाइल कंपनीच्या एक्स्चेंजमध्ये छुपे सॉफ्टवेअर घुसवून पंतप्रधानांसह शंभरहून अधिक फोन ऐकले गेले. २००५ च्या सुरुवातीला काही एसएमएस पोहोचेनासे झाले, त्याचे कारण शोधताना हा प्रकार उघडकीस आला.

प्रश्न : *#२१# दाबले की टॅपिंग कळते, हे खरे का?

उत्तर : नाही. तुमचे सगळे कॉल दुसऱ्या नंबरवर वळवलेत का, एवढेच त्यातून कळते. *#६२# ने फोन बंद किंवा रेंजबाहेर असताना कॉल कुठे जातात ते दिसते. तिथे दिसणारा अनोळखी नंबर बहुधा कंपनीच्या व्हॉइसमेलचाच असतो. सावध राहायचे ते २१* ने सुरू होणारा कोड कोणी दाबायला सांगितला तर. तो दाबलात की तुमचे कॉल, ओटीपी वाचून दाखवणारेसुद्धा, त्याच्याकडे जातात. एसएमएस वळत नाहीत. ##००२# ने सगळे फॉरवर्डिंग रद्द होते.

प्रश्न : व्हॉट्सॲप कॉलही ऐकता येतात का?

उत्तर : वाटेत नाही; तिथे फक्त कूटबद्ध, म्हणजे इतरांना न उलगडणारा, मजकूर हाती लागतो. म्हणून ऐकणारा थेट फोनमध्ये शिरतो. अँड्रॉइडच्या सेटिंग्जमध्ये ॲक्सेसिबिलिटी आणि डिव्हाइस ॲडमिन या दोन ठिकाणी अनोळखी ॲप आहे का ते आधी पाहा. बॅटरी लवकर उतरते, फोन तापतो, या खुणांवर फार विसंबू नका. जुन्या फोनला तेही होतेच. अँड्रॉइड १२ पासून मायक्रोफोन चालू झाला की वरच्या कोपऱ्यात हिरवी खूण येते. आयफोनवर ती नारिंगी असते. कॉल चालू नसताना ती दिसली, तर कोणते ॲप माइक वापरतेय ते तपासा. ॲप घरच्याच कोणी टाकल्याचा संशय असेल, तर लगेच काढू नका, त्याला सुगावा लागेल. आधी स्क्रीनचे फोटो दुसऱ्या फोनने काढा, मदत मागायची तीही दुसऱ्याच फोनवरून, आणि फॅक्टरी रिसेट त्यानंतर.