बॅग रिकामी करावी की बॅगेतूनच दिवस काढावेत?

प्रश्न : मी आणि माझी नणंद वर्षातून दोनदा एकत्र फिरायला जातो. हॉटेलच्या खोलीत पाय ठेवल्या ठेवल्या ती अख्खी बॅग रिकामी करते. ड्रेस हँगरवर, बाकीचे कपडे खणात, औषधं पलंगाशेजारच्या टेबलावर. एकाच रात्रीचा मुक्काम असला तरी हेच. मी लागेल ते बॅगेतून काढते आणि सकाळी मोजे सापडले नाहीत की बॅग पलंगावर उपडी करते. तिच्या मते हा माझा गबाळेपणा आणि माझ्या मते तिचा रिकामटेकडेपणा. बरोबर कोण?

उत्तर : मी १९ वर्षं हॉटेलच्या हाउसकीपिंगमध्ये होते. पाहुणे कसे राहतात यापेक्षा ते गेल्यावर काय मागे उरतं, हे मी जास्त पाहिलंय. तेव्हा माझं उत्तर थोडं त्या बाजूला झुकणारच.

खोली सुटली की आम्ही ठरलेल्या क्रमाने फिरायचो. आधी खण, मग बाथरूमच्या दारामागचा हुक, तिजोरी, पलंग आणि भिंत यांच्यातली फट, शेवटी प्लग. खण पहिला का, तर बंद केलेला खण माणसाच्या डोक्यातूनही बंद होतो. हँगरवरचा कोट निघताना दिसतो, खणातले कपडे दिसत नाहीत. म्हणून तुमच्या नणंदबाईंना माझा पहिला निरोप : हँगर खुशाल वापरा, उघडं शेल्फ वापरा, पण खण नको.

दुसरा निरोप त्या टेबलावरच्या औषधांबद्दल. एका आजोबांनी रात्री झोपताना कानातलं यंत्र काढलं, टिश्यूत नीट गुंडाळलं आणि उशाशी ठेवलं. सकाळी ते नाश्त्याला गेले आणि खोली आवरणाऱ्या आमच्या मुलीने चुरगळलेला टिश्यू म्हणून तो कचऱ्यात टाकला. तिची काय चूक? मी मागच्या अंगणात तीन पिशव्या ओतल्या, चहाच्या पुड्या नि केसांच्या गुंतवळ्यातून एकेक टिश्यू दाबून पाहिला. तिसऱ्या पिशवीत यंत्र मिळालं. तेव्हापासून सांगत आलेय, लहान वस्तू बाहेर काढायचीच असेल तर डबीत, नाहीतर रंगीत पाउचमध्ये. टिश्यूत कधीच नाही. पांढऱ्या कपड्यांचंही तसंच. पांढरा पायजमा, बनियन, रुमाल पलंगावर राहिले की पांढऱ्या चादरींच्या गठ्ठ्यात गुंडाळून लाँड्रीत जातात. शेकडो चादरींतून ते परत मिळणं नशिबाचं काम.

आता तुम्ही. उपडी केलेल्या बॅगेचा तो ढीग मी हजारदा पाहिलाय. पाहुण्याच्या सामानाला उगाच हात लावायचा नाही, अशी आम्हाला सक्त ताकीद असायची. त्यामुळे पलंगावर पसारा असला की पलंग तसाच सोडून मुली पुढच्या खोलीत जायच्या. मग संध्याकाळी पाहुण्याची तक्रार, चादर बदलली नाही म्हणून! तुम्हाला बॅग रिकामी करायची गरज नाही, तीन पाउच पुरेत. एकात आतले कपडे नि मोजे, एकात रात्रीचे कपडे, एक धुण्याच्या कपड्यांसाठी रिकामं. एक-दोन रात्री असतील तर फक्त उद्याचा जोड हँगरवर लावा. तीन किंवा जास्त असतील तर चुरगळणारं सगळं टांगा. गरम पाण्याने आंघोळ करताना कपडा बाथरूममध्ये टांगला तर वाफेने बारीक सुरकुत्या सैल होतात. बॅगेच्या घडीची खोल रेघ मात्र इस्त्रीशिवाय जात नाही.

मात्र बॅग रिकामी करायची की नाही यापेक्षा ती ठेवायची कुठे, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं, आणि ते दोघींनीही विचारलेलं नाही. पलंगावर अजिबात नाही. तिची चाकं कुठून कुठून फिरून आलेली असतात! त्यात भर ढेकणांची. ढेकूण उडत नाही, उडी मारत नाही, तो बॅगेतून आणि कपड्यांतून प्रवास करतो. खोली महाग आहे की स्वस्त, स्वच्छ आहे की नाही, याच्याशी त्याला घेणंदेणं नसतं. रक्त न मिळता तो कित्येक महिने तग धरतो, म्हणजे बरेच दिवस रिकामी असलेली खोलीही बेभरवशाची.

खोलीत शिरलात की बॅगा आधी बाथरूमच्या फरशीवर ठेवा. मग उशाकडच्या कोपऱ्यातली चादर उचला आणि गादीच्या शिवणीवरून मोबाइलचा टॉर्च फिरवा. शाईच्या पेनाने टिंबं दिल्यासारखे काळे डाग दिसले, किंवा सफरचंदाच्या बीएवढा चपटा तपकिरी किडा, तर तडक खोली बदलून मागा. पलंगाची डोक्याकडची फळी आणि शेजारच्या टेबलाचे सांधेही बघा. खण न वापरण्याचं हे आणखी एक कारण. सगळं ठीक दिसलं तर बॅग स्टँडवर, भिंतीपासून थोडी पुढे ओढून. शंका राहिलीच तर घरी आल्यावर कपडे ६० अंशांच्या पाण्यात धुवा, किंवा ड्रायरमध्ये जास्त उष्णतेवर अर्धा तास फिरवा. बॅग नुसती उन्हात ठेवून भागत नाही, आतल्या शिवणींपर्यंत सारखी उष्णता पोचत नाही.

एक सांगू? रिकामटेकडेपणा हा शब्द मागे घ्या. एक नवं हॉटेल सुरू होत होतं तेव्हा मी स्वतः चार महिने पाहुण्यांच्या खोलीत राहिले. पहिले तीन आठवडे बॅगेतूनच जगत होते आणि रोज पहाटे दचकून जाग यायची, आज निघायचंय की काय म्हणून. एका रविवारी साड्या टांगल्या, चपला दाराशी लावल्या, चष्म्याचं घर खिडकीत ठेवलं. त्या रात्री गाढ झोपले. नणंदबाईंचंही असंच काही असेल. विचारून बघा.

आणि निघताना अदलाबदल करा. आमच्याकडे जिने खोली आवरली ती कधीच तपासायची नाही, तपासणारी वेगळी. आपण ठेवलेलं आपल्याला 'काढलंय' असंच वाटतं. तेव्हा हँगर, शेल्फ, तिजोरी तुम्ही बघा. पलंगाखाली आणि प्लगपाशी त्यांना वाकू द्या. चार्जर तुमचाच निघेल.