ॲट-ऑन जमेल, 'पर्यंत' आणि 'पासून' सांभाळ

इंग्रजीत वेळ सांगताना कुठला शब्द लावायचा, यात ॲट, ऑन, इन हे तिघं सरावाने जमतील, त्यांची फार चिंता करू नकोस. घड्याळातल्या वेळेला ॲट, वार-तारखेला ऑन, महिना-वर्षाला इन. 'इन द मॉर्निंग' पण 'ॲट नाइट', हे सरळ पाठ कर, कारण शोधत बसू नकोस. 'नेक्स्ट मंडे', 'लास्ट इयर' यांच्या आधी मात्र काहीच लावायचं नाही.

खरी गोची 'पर्यंत'ने होते. "पाच वाजेपर्यंत रिपोर्ट पाठवतो" आणि "पाच वाजेपर्यंत ऑफिसात आहे", मराठीत दोन्हीकडे शब्द एकच. इंग्रजीत पहिल्याला बाय, कारण काम त्या वेळेच्या आत एकदाच उरकतं. दुसऱ्याला अन्टिल, कारण तू तोवर तिथे असणारच आहेस. 'आय विल सेंड द रिपोर्ट अन्टिल फाइव्ह' लिहिलंस, तर साहेबांना वाटेल हा पाचपर्यंत तोच रिपोर्ट धाडत बसणार! नकारासोबत जरा जपून: 'डोन्ट कॉल अन्टिल फाइव्ह' म्हणजे पाच वाजल्यावरच फोन कर.

'पासून'चंही तसंच. सुरुवात सांगायची तर सिन्स: 'सिन्स २०१९'. किती काळ ते सांगायचं तर फॉर: 'फॉर फाइव्ह इयर्स'. आपल्याकडे बायोडेटात 'सिन्स फाइव्ह इयर्स' सर्रास दिसतं आणि वाचणाऱ्याला ते लगेच खटकतं. शिवाय अशा सिन्स-फॉरसोबत 'आय ॲम वर्किंग' नको, 'आय हॅव बीन वर्किंग' हवं. माझ्या मते आधी हेच घोटून घे, बाकीचं मागाहून बघू.