सदाफुलीची पानं चावायला द्यायची का?

प्रश्न : भाच्याला ब्लड कॅन्सर आहे, परळला ट्रीटमेंट चालूय. चाळीत सगळे म्हणतायत सदाफुलीची पानं चावायला दे. देऊ का?
– एक मावशी, लालबाग

उत्तर : ताई, अजिबात नको! व्हिन्क्रिस्टिन हे ब्लड कॅन्सरवरचं औषध सदाफुलीतूनच मिळतं हे खरंय, पेशींचं विभाजन थांबवतं, पण शेकडो किलो सुक्या पानांतून जेमतेम ग्रॅमभर निघतं, त्यात पानातली बाकीची अल्कलॉइड्स (झाडातली तीव्र रसायनं) विषारी, आणि हे औषध अगदी मोजून फक्त शिरेतूनच देतात. मुलांच्या ल्युकेमियात, म्हणजे ब्लड कॅन्सरमध्ये, बऱ्याचदा सोबत अ‍ॅस्परॅजिनेज पण असतं बघा, ई. कोलाय बॅक्टेरियाचं एन्झाइम, ते रक्तातलं, पेशींना प्रथिनं बनवायला लागणारं अ‍ॅस्परॅजिन तोडतं आणि कॅन्सरच्या पेशींना ते स्वतः पुरेसं बनवता येत नाही म्हणून त्या उपाशी मरतात, मला तर हे फार भारी वाटतं. आधीच काही पाला, काढा दिला असेल तर डॉक्टरांना आजच सांगा, रागावले तरी चालतील.