वाचनालयाच्या संकेतस्थळावर वेळापत्रकाचा तक्ता नीट कसा बसवायचा?

तुमचा प्रश्न वाचला. गावच्या सार्वजनिक वाचनालयाचं संकेतस्थळ वर्डप्रेसवर आहे आणि त्यावर आठवड्याचं वेळापत्रक आणि वर्गणीचे दर टाकायचे आहेत. वर्डमधला तक्ता चिकटवला की रेघा उडतात, मोबाइलवर शब्द मधेच तुटतात, सेल एकत्र करायचं बटण सापडत नाही. म्हणून शेवटी छापील कागदाचा फोटो टाकलात. कार्यकारिणीच्या सभासदांचे फोटोही तक्त्यातच लावावेत का, असंही विचारलंय, आणि कोडिंग येत नाही हेही सांगितलंय. मी अशाच लहान संस्थांची संकेतस्थळं सांभाळते, त्यामुळे यातली एकेक अडचण ओळखीची आहे. जवळजवळ सगळं बटणांवर होतं. एका ठिकाणी कोडला किंचित हात लावायचा आहे, तोही ऐच्छिक.

तो फोटो आधी पानावरून काढायचं ठरवा. पूर्ण पानाच्या कागदाचा फोटो मोबाइलच्या रुंदीत बसवला की अक्षर लागत नाही. बोटांनी मोठं केलं तर वार डावीकडे राहतो आणि वेळ उजवीकडे, दोन्ही एकदम दिसत नाही. लोक फोटो असूनही फोन करून विचारतात ते यामुळेच. शिवाय ज्यांना डोळ्यांनी वाचता येत नाही, जे स्क्रीन रीडर (पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारा प्रोग्रॅम) वापरतात, त्यांच्या कानावर फक्त 'चित्र' एवढंच पडतं. वाचनालयाच्या पानावर तरी असं होऊ नये, असं मला मनापासून वाटतं.

आता रेघांचं. वर्डमधल्या तक्त्याबरोबर त्याच्या रेघा, रंग, फाँट असा सगळा साज येतो. वर्डप्रेसचा ब्लॉक एडिटर (यात परिच्छेद, चित्र, तक्ता असा पानाचा प्रत्येक भाग एक वेगळा ब्लॉक असतो), म्हणजे डिसेंबर २०१८ मध्ये ५.० आवृत्तीबरोबर आलेला आणि आज बहुतेकांकडे असलेला, चिकटवताना हा साज काढून टाकतो आणि मजकूर, ओळी, रकाने एवढंच ठेवतो. तक्ता कसा दिसायचा ते मग तुमची थीम, म्हणजे संकेतस्थळाच्या रूपाचा साचा, ठरवते. तुम्हाला हे नुकसान वाटलं, पण ते सोयीचंच आहे. वर्डमधला तक्ता कागदाच्या ठरलेल्या रुंदीसाठी आखलेला असतो, आणि संकेतस्थळाचं पान किती रुंद असेल हे वाचणाऱ्याच्या हातातल्या पडद्यावर ठरतं. म्हणून संकेतस्थळावर तक्ता करताना कोणती माहिती कोणत्या शीर्षकाखाली येते हे आधी पक्कं करायचं आणि रेघा-रंग सगळ्यात शेवटी बघायचे. तुमच्या बहुतेक अडचणी हा क्रम उलटा झाल्यामुळे आल्यात.

तुमचं वेळापत्रक मी बघितलेलं नाही, पण शब्द मधेच तुटतात म्हणजे सात वार सात रकान्यांत आडवे मांडलेत, असा माझा अंदाज आहे. हिशोब करून बघा. मोबाइलचा पडदा साधारण ३६० पिक्सेल रुंद धरतात. दोन्ही बाजूंचा समास सोडला की ३२० उरतात. सात वार आणि डावीकडचा विभागांचा रकाना मिळून आठ रकाने, म्हणजे प्रत्येकाला ४०. सेलच्या आत डावी-उजवीकडे आठ-आठ पिक्सेल मोकळे सुटतात. मजकुराला राहिले २४. नेहमीच्या १६ पिक्सेलच्या अक्षरात तिथे एक, फार तर दोन अक्षरं मावतात. 'बुधवार' तीन ओळींत तुटला तर नवल नाही.

उपाय एकच, तक्ता उभा करा. वार ओळींमध्ये घ्या आणि देवघेव विभाग, वाचनकक्ष, बालविभाग हे रकान्यांत. चार रकाने मोबाइलवर आरामात बसतात. सगळं पुन्हा टाइप करायची गरज नाही. तक्ता गूगल शीट्समध्ये चिकटवा, निवडून कॉपी करा, दुसऱ्या मोकळ्या जागी जाऊन 'पेस्ट स्पेशल'मधलं 'ट्रान्सपोज्ड' निवडा. ओळींचे रकाने आणि रकान्यांच्या ओळी होतात. एक्सेलमध्येही हीच सोय 'ट्रान्सपोज' नावाने आहे. फक्त एकत्र केलेले सेल आधी सुटे करून घ्या, नाहीतर उलटवताना गोंधळ होतो. मग शीटमधला तक्ता निवडून थेट वर्डप्रेसच्या पानावर चिकटवा, त्याचा आपोआप टेबल ब्लॉक तयार होतो.

इथे आपल्याकडच्या संस्थांमध्ये हमखास येणारी एक अडचण. जुनी फाइल श्रीलिपी, कृतिदेव किंवा शिवाजीसारख्या जुन्या फाँटमध्ये असेल, तर चिकटवल्यावर इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा कचरा दिसतो. फाइल बिघडलेली नसते. त्या फाँटमध्ये रोमन अक्षरांच्या जागीच देवनागरीचे आकार बसवलेले असतात, आणि फाँट गेला की खालची मूळ अक्षरं उघडी पडतात. मजकूर आधी युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही फाँटमध्ये देवनागरीच राहणाऱ्या अक्षरांत, बदलून घ्यावा लागतो. त्यासाठी रूपांतरक मिळतात. अख्खा तक्ता एकदम टाकू नका, एकेक रकाना कॉपी करून बदला आणि शीटमध्ये त्याच जागी परत चिकटवा, म्हणजे ओळी हलत नाहीत. नंतर र्‍हस्व-दीर्घ, रफार आणि जोडाक्षरं डोळ्यांखालून घाला.

नव्याने तक्ता करायचा असेल तर पानावर रिकाम्या ओळीत तिरकी रेघ देऊन रोमन लिपीत 'टेबल' टाइप करा, ब्लॉक समोर येतो. किती रकाने आणि किती ओळी हे विचारतो, आकडे द्या आणि 'क्रिएट टेबल' दाबा. आकडे चुकले तरी बिघडत नाही. सेलमध्ये कर्सर ठेवला की वरच्या पट्टीत 'एडिट टेबल'चं चिन्ह येतं, त्यातून ओळ किंवा रकाना आधी-नंतर वाढवता येतो, काढता येतो.

आता जे बहुतेक जण सोडून देतात आणि जे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, त्याकडे येते. उजवीकडच्या सेटिंग्जमध्ये 'हेडर सेक्शन' असं एक बटण आहे. ते चालू करा. चालू केल्यावर वर एक नवी, रिकामी शीर्षक-ओळ येते. तुमच्या आधीच्या पहिल्या ओळीचं शीर्षक होत नाही, आणि इथेच लोक गोंधळून ते बटण परत बंद करतात. तसं करू नका. वार, देवघेव विभाग वगैरे शब्द त्या नव्या ओळीत लिहा आणि खालची जुनी ओळ 'डिलीट रो'ने काढून टाका.

पहिली ओळ नुसती ठळक केली तर काय बिघडलं? डोळ्यांना फरक दिसत नाही, पण कानांना ऐकू येतो. एनव्हीडीए नावाचा स्क्रीन रीडर मोफत मिळतो आणि मराठीही बोलतो. त्यात कंट्रोल आणि आल्ट धरून बाणांची बटणं दाबली की तक्त्यात एकेका सेलवर फिरता येतं. नुसत्या ठळक ओळीच्या तक्त्यात उजवीकडे सरकलं की ऐकू येतं, 'रकाना तीन, पाच ते आठ'. कशाचे पाच ते आठ? ऐकणाऱ्याला पुन्हा वर जाऊन बघावं लागतं. हेडर सेक्शन असलेल्या तक्त्यात तोच सेल 'वाचनकक्ष, रकाना तीन, पाच ते आठ' असा ऐकू येतो. एका बटणाचा हा फरक आहे.

कोडला हात लावायची ऐच्छिक जागाही इथेच. वरची शीर्षकं बटणावर होतात, पण डावीकडच्या रकान्यातले वार शीर्षक म्हणून नोंदवायला बटण नाही. ब्लॉकच्या तीन टिंबांच्या मेनूत 'एडिट ॲज एचटीएमएल' आहे. त्यात प्रत्येक वाराच्या आधी आणि नंतर 'टीडी' अशी दोन रोमन अक्षरं दिसतील, तिथे 'टीडी'चं 'टीएच' करा. दोन्हीकडे बदलायचं, एकीकडे राहून गेलं तर ब्लॉक तक्रार करतो. एवढं केलं की वरून खाली येताना 'बुधवार, ओळ चार' असं ऐकू येतं. जमलं नाही तर सोडून द्या, वरचं हेडर तेवढं नक्की करा.

सेल एकत्र करायचं बटण तुम्हाला सापडलं नाही, कारण वर्डप्रेसच्या मूळ टेबल ब्लॉकमध्ये ते नाहीच. माझा सल्ला, त्याच्या मागे लागू नका. रविवारी तिन्ही विभाग बंद असतात म्हणून तीन सेल जोडून मधे एकदा 'बंद' लिहावं असं वाटतं. तसं न करता तिन्ही सेलमध्ये 'बंद' लिहा. सोमवार ते शुक्रवार एकच वेळ असेल तर 'सोमवार ते शुक्रवार' अशी एकच ओळ करा. सेल रिकामा मात्र ठेवू नका. रिकामा सेल बघून वाचणाऱ्याला कळत नाही, की तेव्हा बंद असतं की माहिती भरायची राहिलीय. खरोखरच जोडसेल हवे असतील, उदाहरणार्थ दोन पातळ्यांची शीर्षकं, तर टेबलप्रेस हे प्लगइन (वर्डप्रेसला जोडायचा जादा प्रोग्रॅम) घ्या. त्यात सेल जोडता येतात आणि एक्सेलची फाइलही थेट आत घेता येते. पण दहा-बारा ओळींच्या वेळापत्रकासाठी प्लगइन घालून त्याची देखभाल गळ्यात घ्यावी असं मला वाटत नाही.

उजवीकडच्याच सेटिंग्जमध्ये 'फिक्स्ड विड्थ टेबल सेल्स' आहे. हे चालू असलं की सगळे रकाने सारख्या रुंदीचे होतात आणि तक्ता पडद्याबाहेर जात नाही, पण न मावणारा शब्द कुठेही तुटतो. 'ग्रंथपाल'चा 'ल' एकटा खाली येतो. बंद केलं तर मजकुराप्रमाणे रकाने लहान-मोठे होतात, आणि तरीही मावत नसेल तर तक्ता बोटाने आडवा सरकवता येतो. मराठीतल्या लांब शब्दांसाठी मी हे बहुतेक वेळा बंदच ठेवते.

मग राहिली सजावट. 'स्टाइल्स'मध्ये 'स्ट्राइप्स' निवडलं की उभ्या रेघा जाऊन एक सोडून एक ओळ फिकट रंगाची होते. दहाच्या वर ओळी असतील तर नजर ओळ सोडत नाही, त्यामुळे छान वाटतं. सहा-सात ओळींना साध्या रेघाच बऱ्या. रंग दिलेत तर एडिटर स्वतःच बघतो, की अक्षराचा आणि मागचा रंग फार जवळचे तर नाहीत. तसं असेल तर खाली सूचना येते. भगव्यावर पिवळी अक्षरं घालायचा मोह संस्थांच्या पानांवर फार दिसतो. सूचना आली की रंग बदला.

देवनागरीसाठी 'टायपोग्राफी'मधली 'लाइन हाइट' जरूर बघा. बऱ्याच थीम इंग्रजीला धरून केलेल्या असतात. वरच्या वेलांट्या-मात्रा आणि खालचे उकार यांना जागा लागते, ती मिळाली नाही तर एकाच सेलमधल्या दोन ओळी एकमेकींना चिकटतात. १.६ किंवा १.७ ठेवून बघा. जागा वाचवायला अक्षर लहान करू नका, आधी जोडाक्षरंच वाचेनाशी होतात.

वर्गणीच्या तक्त्यात अनामत आणि मासिक वर्गणीचे आकडे उजवीकडे लावा. रकान्यात कर्सर ठेवून वरच्या पट्टीतून 'अलाइन कॉलम राइट' केलं की पूर्ण रकाना एकदम लागतो. एककाखाली एकक आलं की ५० आणि ५०० यांत घोटाळा होत नाही. 'रु.' प्रत्येक सेलमध्ये न लिहिता शीर्षकात एकदाच लिहा. आकडे देवनागरी की इंग्रजी हे तुमचं तुम्ही ठरवा, पण एका तक्त्यात सरमिसळ नको.

कार्यकारिणीचे फोटो तक्त्यात लावू नका. एके काळी सगळेच तसं करत, कारण पानावर दोन गोष्टी शेजारी मांडायला १९९०च्या दशकात तक्त्याशिवाय धड साधन नव्हतं. आज वर्डप्रेसमध्ये त्यासाठी 'कॉलम्स' ब्लॉक आहे. त्यात तीन फोटो शेजारी लावले, तर मोबाइलवर ते आपोआप एकाखाली एक येतात. तक्त्यातले फोटो शेजारीच राहतात आणि टपाल तिकिटाएवढे होतात. नाव, पद, कार्यकाल एवढीच यादी द्यायची असेल, तर तिला तक्ता अगदी योग्य.

शेवटी दोन कामं. तक्त्याला 'ॲड कॅप्शन'ने मथळा द्या आणि त्यात दर कधीपासून लागू आहेत ती तारीख लिहा. जुने दर समजून सभासद वाद घालतात तेव्हा हीच ओळ उपयोगी पडते. आणि वेळापत्रक मुखपृष्ठावर आणि 'संपर्क' पानावर, दोन्हीकडे हवं असेल तर कॉपी करू नका. तक्ता निवडून तीन टिंबांच्या मेनूतून 'क्रिएट पॅटर्न' करा आणि 'सिंक्ड' चालू ठेवा (आवृत्ती ६.३ च्या आधीची असेल तर हीच सोय 'रीयूजेबल ब्लॉक' नावाने दिसेल). मग दिवाळीच्या सुट्टीची वेळ एका जागी बदलली, की दोन्ही पानांवर बदलते.